आधी फेऱ्या जातात, मग मार्ग

छोट्या गावांच्या रेल्वेफेऱ्या कमी होऊ लागल्या की लोक इतके का खवळतात, हे कळायला ब्रिटनचा इतिहास पाहावा लागतो. २७ मार्च १९६३ रोजी तिथल्या रेल्वे मंडळाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. एकतृतीयांश मार्गांवरून जेमतेम एक टक्का प्रवासी जातात, तेव्हा सुमारे ५,००० मैल मार्ग आणि २,३६३ स्टेशनं बंद करा, असं त्यात सुचवलं होतं. तोटा खरा होता. पण प्रवासी मोजले होते एप्रिल १९६१ च्या एकाच आठवड्यात! उन्हाळी सुट्टीत समुद्रकाठच्या गाड्यांना उसळणारी गर्दी त्या मोजणीत आलीच नाही.

लोकांना हरकत घेता येत होती, पण १९६२ च्या कायद्याने तिलाही कुंपण घातलं होतं. प्रवाशांच्या सल्लागार समितीने फक्त गैरसोय आणि हाल किती होतील एवढंच पाहायचं. रेल्वेचा हिशेबच चुकला आहे, हा मुद्दा तिथे चालत नसे. पुढच्या चळवळींची खरी ठिणगी मला या अटीत दिसते. हिशेब तपासायचं काम लोकांनाच अंगावर घ्यावं लागलं.

उत्तर इंग्लंडमधल्या ७२ मैलांच्या सेटल–कार्लाइल मार्गावर हे स्पष्ट दिसतं. १८७६ पासून प्रवासी नेणाऱ्या या मार्गावरची बहुतेक छोटी स्टेशनं १९७० मध्ये बंद झाली. १९८२ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या दुसरीकडून वळवल्या आणि दिवसाला येऊन-जाऊन दोन-दोन गाड्या उरल्या. मग प्रवासी कुठून येणार? त्यात २४ कमानींचा रिबलहेड पूल खिळखिळा झाला आहे, दुरुस्ती परवडणार नाही, असं सांगण्यात आलं.

लोकांनी १९८१ मध्येच संघटना उभारली होती. बंदीच्या प्रस्तावावर २२ हजारांहून जास्त हरकती आल्या. त्यातल्या एकीवर सहीच्या जागी एका कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता. त्याचंही तिकीट काढलं जायचं, म्हणून तोही रीतसर प्रवासी ठरला.

मार्ग गुंडाळण्यासाठी नेमलेले रेल्वे अधिकारी रॉन कॉटन यांनी मात्र स्वस्त तिकिटं आणि जाहिरातीच्या जोरावर गाड्या भरून दाखवल्या. १९८६ मध्ये आठ स्टेशनं पुन्हा उघडली. १९८३ मध्ये वर्षाला ९३ हजार प्रवास होत, ते १९८९ पर्यंत साडेचार लाखांवर गेले. मार्ग तोच, गावंही तीच. फक्त गाड्या होत्या आणि त्या आहेत हे लोकांना ठाऊक होतं.

११ एप्रिल १९८९ रोजी सरकारने बंदीचा प्रस्ताव फेटाळला. रिबलहेडची दुरुस्ती झाली, आणि तीही आधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात.