अर्ध-पेलेजियन मत

ख्रिस्ती तारणविचारातील एक मत. तारण ईश्वरी कृपेशिवाय होत नाही, मात्र विश्वासाकडे पहिले पाऊल माणूस कधी कधी स्वतःच्या इच्छेने टाकतो, असे या मताचे सार. पाचव्या शतकात दक्षिण गॉलमधील (आजचा दक्षिण फ्रान्स) मार्सेय व लेरँस येथील मठांत ते रुजले. नाव मात्र सोळाव्या शतकातील वादांत पडले आणि ते अन्यायाचेच आहे; ज्यांना ते चिकटले त्यांनी पेलेजियस या धर्मशिक्षकाचा उघड धिक्कार केला होता.

माणूस स्वबळावर ईश्वराच्या आज्ञा पाळू शकतो, ही पेलेजियसची शिकवण कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ मध्ये निषिद्ध ठरवली. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच्या मते चांगले इच्छिणे हेही कृपेचेच दान होते. यावर हद्रुमेटम (ट्युनिशियातील सूस) येथील मठवासीयांना अगदी व्यवहारी प्रश्न पडला : मग चुकलेल्या बंधूला दटावायचे कशाला, त्याच्यासाठी नुसती प्रार्थना का करू नये? ऑगस्टीनने सुमारे ४२६–४२७ मध्ये त्यांच्यासाठी दोन ग्रंथ लिहिले.

मार्सेयचा मठाधिपती योहान कासियान याने मठवासीयांशी झालेल्या संवादांच्या आपल्या ग्रंथातील तेराव्या ‘संवादा’त दोन्ही बाजूंचे बायबलमधील दाखले समोरासमोर ठेवले. छळ करणारा पौल आणि जकातनाक्यावर बसलेला मत्तय यांना कृपेने आधी गाठले. उलट जक्कय आणि वधस्तंभावरील चोर यांची इच्छा आधी पुढे आली. म्हणून एकच क्रम सर्वांना लागू करू नये, असे त्याचे म्हणणे. या संवादाचा काळ वादग्रस्त आहे. अकरा ते सतरा या संवादांच्या प्रस्तावनेत लेरँसच्या मठाचा संस्थापक होनोरातुस मोठ्या मठाचा प्रमुख म्हणून येतो, बिशप म्हणून नाही. तो आर्लचा बिशप बहुधा ४२६–४२७ च्या सुमारास झाला. तेव्हा हा भाग त्याआधीचा असावा. तसे असल्यास तेरावा संवाद म्हणजे हद्रुमेटमसाठीच्या ग्रंथांना दिलेले उत्तर, ही जुनी समजूत टिकवणे कठीण जाते. कासियानचा रोख मुख्यतः पेलेजियसवर होता, असेही काही अभ्यासक मानतात. तथापि मार्सेयमध्ये ऑगस्टीनच्या मतांविषयी नाराजी होती, हे ऑगस्टीनचा समर्थक अक्विटेनचा प्रॉस्पर याने ऑगस्टीनला धाडलेल्या पत्रावरून स्पष्ट होते. नंतर प्रॉस्परने कासियानवर स्वतंत्र खंडनग्रंथही लिहिला.

दक्षिण गॉलमधील ऑरांज येथे ३ जुलै ५२९ रोजी एका नव्या बॅसिलिकेच्या अर्पणविधीसाठी जमलेल्या बिशपांनी आर्लच्या सीझेरियसच्या नेतृत्वाखाली २५ कलमे संमत केली. विश्वासाचा आरंभदेखील कृपेचेच दान होय, असे पाचवे कलम सांगते. मात्र ईश्वर कोणाला दुष्कर्मासाठी पूर्वनियोजित करतो, हे मतही परिषदेने तितक्याच कठोरपणे फेटाळले. पोप दुसरा बोनिफेस याने ५३१ मध्ये या निर्णयाला मान्यता दिली.

पुढे ही कलमे कित्येक शतके विस्मृतीत गेली. तेराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याच्यासमोर ती बहुधा नव्हती. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी आरंभ कृपेचाच असल्याचे पुन्हा सांगितले, पण कृपेने जागी झालेली इच्छा तिला होकार वा नकार देऊ शकते, हेही निक्षून नोंदवले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत हा वाद या स्वरूपात उद्भवलाच नाही. तेथे कासियान संत मानला जातो व २९ फेब्रुवारीला त्याचे स्मरण केले जाते.