वाइनला धक्क्यापेक्षा ऊन बाधतं

घर बदलायचं ठरलं की पहिली भीती काचेची. कपबशा, आरसे, दिव्यांच्या हंड्या कागदात गुंडाळण्यात दिवस जातात, आणि ज्यांच्याकडे वाइनचा संग्रह असतो ते बाटल्याही त्याच काळजीने गुंडाळतात. पण फुटलेली बाटली निदान दिसते तरी. संग्रहाचं मोठं नुकसान होतं ते एकही बाटली न फुटता, आणि ते कळतं कित्येक महिन्यांनी, बूच काढल्यावर.

फुटण्याचं गणित आधी उरकून घेऊ, ते सोपं आहे. खोका एक मीटरवरून पडला तर जमिनीला टेकताना बाटलीचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, त्यावर बाटलीचं नशीब ठरतं. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागा. एका मिलिमीटरमध्ये थांबली तर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी हजारपट मंदन (वेग कमी होण्याचा दर), दोन सेंटिमीटर दबणारं काही मधे असेल तर पन्नासपट. कागद इतका ठासून भरला की तो दबतच नाही, तर त्याचा उपयोग नाही. शिवाय काच फुटते ती बहुधा पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओरखड्यापासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने दाखवलं, की काचेची ताकद तिच्यातल्या अशा बारीक भेगा ठरवतात. बाटल्या प्रवासभर एकमेकींना घासत राहिल्या की नवे ओरखडे पडतात, म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा हवा. बारा बाटल्यांचा खोका पंधरा किलोच्या घरात जातो, यापेक्षा मोठा खोका भरू नये. पुस्तकांनाही हाच नियम: जड वस्तू लहान खोक्यात.

आता खरा शत्रू. ७५० मिलिलिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून ४० अंशांवर नेलं तर ते साधारण साडेचार मिलिलिटरने वाढतं. वाइनमध्ये बहुधा १२ ते १५ टक्के अल्कोहोल असतं आणि ते पाण्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे वाइन याहूनही थोडी अधिकच वाढते. बाटलीच्या मानेचा आतला व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. त्या अरुंद जागेत साडेचार मिलिलिटर म्हणजे जवळपास पावणेदोन सेंटिमीटर चढ, आणि बुचाखाली मोकळी जागा असते ती साधारण तेवढीच! तिथला वायू कोंडला जातो, दाब वाढतो. मग एक तर बूच वर सरकतं, नाही तर वाइन त्याच्या कडेने झिरपते.

बूच काही लेचंपेचं नसतं. २४ मिलिमीटर जाडीचं बूच दाबून त्या मानेत बसवलेलं असतं. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून वर्णन केलेल्या बुचातल्या त्या बंद, वायूने भरलेल्या पेशी सतत बाहेरच्या बाजूला रेटत असतात. तरीही एवढ्या दाबापुढे बुचाची पकड ढिली पडू शकते. पुढचं संकट रात्रीचं: वाइन थंड होऊन आक्रसते, आत दाब कमी होतो आणि ढिल्या बुचाशेजारून हवा ओढली जाते. काही दिवसांच्या प्रवासात ट्रक उन्हात उभा राहिला, रात्री गार झाला, पुन्हा तापला, तर बाटली भात्यासारखी श्वास घेत राहते आणि प्रत्येक श्वासाबरोबर ऑक्सिजन आत जातो. वाइन टिकवणारा तिच्यातला सल्फर डायऑक्साइड त्याला तोंड देतो, पण तो साठा मर्यादित असतो.

बूच हललं नाही तरी सुटका नाही. तापमान आणि रासायनिक क्रियांचा वेग यांचं नातं स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांटे अर्‍हेनियसने १८८९ मध्ये मांडलं. ढोबळ हिशोब असा, की दर १० अंशांना वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे १५ अंशांऐवजी ४५ अंशांवर आठपट. यावरून कुणी म्हणेल, चला, वाइन लवकर मुरली! तसं होत नाही. सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वेग घेत नाहीत, त्यामुळे तापलेली वाइन झटपट मुरत नाही, वेगळ्याच वाटेने जाते. ताज्या फळाचा गंध जाऊन शिजवलेल्या फळाची चव येते. पिळाचं झाकण असलेल्या बाटलीलाही यातून सूट नाही.

दिलासा एवढाच, की भरलेला खोका तापायला वेळ लागतो. बारा बाटल्यांतली वाइन आणि काच मिळून तापमान एक अंशाने वाढवायला साधारण ४३ किलोज्यूल उष्णता लागते. बाटल्या १५ अंशांवर आहेत आणि बाहेर ४० अंश, असं धरून मी अंदाजी हिशोब केला. नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात त्या चार-पाच तासांत ३० अंशांपलीकडे जातात. तीन सेंटिमीटर जाडीच्या थर्मोकोलमध्ये तिथवर यायला पंधरा-सोळा तास लागतात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे अख्ख्या खोक्याचे जवळपास आठ अंश! फक्त तो बाटल्यांना थेट टेकवू नये. म्हणून शक्य असेल तर बाटल्या आदल्या दिवशीच थंड करून ठेवाव्यात, पहाटे निघावं आणि खोके सर्वांत शेवटी चढवून सर्वांत आधी उतरवावेत. उन्हात बंद उभी केलेली कार तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापू शकते. वाटेत जेवायला थांबताना हे लक्षात असू द्या.

कडाक्याच्या थंडीत उलटा प्रश्न. वाइन उणे ५ अंशांच्या खाली गोठू लागते आणि तिच्यातल्या पाण्याचा बर्फ होताना तो आकारमानाने सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. बूच तेव्हाही वर येतं. फसफसणाऱ्या वाइनला दोन्ही टोकं वर्ज्य, कारण तिच्या बाटलीत मुळातच हवेच्या दाबाच्या पाच-सहापट दाब असतो. उजेडाचं थोडक्यात: रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व प्रकाश शोषून गंधकयुक्त, उग्र वासाची संयुगं तयार करायला मदत करतं. पारदर्शक काचेच्या बाटल्यांना हा धोका सर्वांत जास्त, पण बंद खोक्यात तो उरत नाही.

हादऱ्यांबद्दल मात्र फार बोललं जातं. जुन्या लाल वाइनमधला गाळ ढवळला जातो हे खरं, पण तो खाली बसतोच, काही दिवस लागतात एवढंच. एका प्रवासातल्या हादऱ्यांनी वाइन कायमची बिघडते यावर माझा विश्वास नाही. त्या काळजीपोटी कुणी वातानुकूलित गाडीऐवजी फक्त जाड बबल रॅपवर पैसे घालवले, तर तो सौदा चुकलाच.

निघण्यापूर्वी प्रत्येक बाटलीच्या मानेचा फोटो काढून ठेवा, वाइनची पातळी आणि बूच दोन्ही दिसतील असा. नव्या घरी पोहोचून बाटल्या पुन्हा पहिल्या तापमानाला आल्या की फोटोंशी ताडून पाहा. ज्यांचं बूच वर आलंय, मान चिकट लागतेय किंवा पातळी उतरलीय, त्या वेगळ्या ठेवून आधी संपवा. त्या खराब झाल्याच असतील असं नाही, पण त्यांना वर्षानुवर्षं ठेवण्यात आता अर्थ नाही. तळाशी चमकणारे बारीक स्फटिक दिसले तर घाबरू नका. ते थंडीत वेगळे झालेले टार्टारिक आम्लाचे क्षार असतात. निरुपद्रवी असतात, आणि चवीचं काही बिघडवत नाहीत.