पहिल्या वारीच्या आदल्या रात्रीची धडधड

संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी जायचे तर सुमारे २५० किलोमीटर चालावे लागते. परंतु पहिल्यांदा निघणाऱ्याची झोप उडते ती बहुधा एकाच टप्प्याच्या विचाराने, आणि तो म्हणजे दिवे घाट चढून जाणारी पुणे ते सासवड ही सुमारे ३० किलोमीटरची वाट. पाय साथ देतील का, दिंडी पुढे निघून गेली तर काय, असे प्रश्न आदल्या रात्री छळू लागतात, छाती धडधडते आणि शौचालयाच्या फेऱ्या वाढतात.

यात बिघडलेले काही नसते. संकटाची चाहूल लागली की मेंदूच्या आज्ञेवरून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, हृदय वेगाने चालते, यकृत साठवलेली साखर रक्तात मोकळी करते आणि जठराकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊन तो स्नायूंकडे वळतो. याच वेळी तणावाशी निगडित संप्रेरके मोठ्या आतड्याच्या हालचाली वाढवतात, म्हणून पोटात कालवते. थोडक्यात, शरीर उद्याच्या श्रमांची तयारी आजच करू लागलेले असते; वेळ तेवढी चुकलेली असते.

अशा वेळी ‘शांत हो’ हा सल्ला सर्वांत सोपा, पण फारसा उपयोगी नाही. संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाणे, भाषण आणि गणित यांपूर्वी ‘मी उत्साहात आहे’ असे स्वतःला सांगणाऱ्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधड दोन्ही भावनांत सारखीच असल्याने तिचा अर्थ बदलणे हे ती थांबवण्यापेक्षा सोपे जाते. हे प्रयोग चालणाऱ्यांवर झालेले नाहीत, हे खरे. तरीही ही युक्ती फुकटची आहे. श्वास सावकाश सोडण्याचाही उपयोग होतो, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस चेतातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती किंचित उतरते.

मात्र खरा धीर शब्दांनी येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार ‘मला हे जमेल’ या विश्वासाचा सर्वांत बळकट आधार म्हणजे स्वतः पार पाडलेले काम. इतरांची शाबासकी त्यानंतर येते. म्हणून काही आठवडे आधीपासून अंतर हळूहळू वाढवत, वारीत घालायच्याच चपला-बूट आणि पाठीवरचे ओझे घेऊन चालावे, आणि त्यात एखादा चढही असावा. आठवड्यांच्या सरावाने कमावलेला दम एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने नाहीसा होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

उरलेल्या काळजीसाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांची ‘असे झाले तर मी तसे करीन’ ही पद्धत कामाची आहे: टाच चुरचुरू लागली, तर फोड येण्याची वाट न पाहता थांबून मोजा बदलीन, घाटात दम लागला, तर कडेला उभा राहीन. वारीची आखणीही याला पोषकच आहे, कारण हडपसर, मग वडकी नाला, अशा विसाव्यांमुळे ३० किलोमीटर एकदम अंगावर येत नाहीत.

मनाच्या धास्तीची धडधड चालायला लागल्यावर सहसा ओसरते. याउलट चढावर छातीत दाब जाणवला, कळ हातात किंवा जबड्यात पसरली अथवा घेरी आली, तर तिला धास्ती समजू नये; तिथेच थांबून वाटेवरच्या वैद्यकीय पथकाची मदत घ्यावी, आणि हृदयविकार वा मधुमेह असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.