रिव्हर्बच्या पेटीतला लसावि

स्ट्रायमॉन कंपनीच्या बिगस्काय या पायाने चालवायच्या पेडलवर रिव्हर्बचे, म्हणजे कृत्रिम निनादाचे, १२ प्रकार आहेत. इव्हेंटाइड कंपनीच्या स्पेस या पेडलवरही १२च. जाहिराती या आकड्यापासून सुरू होतात आणि बिट, प्रोसेसर, प्रीसेट यांच्या आकड्यांवर येऊन थांबतात. मग गोव्यात म्हापसा-फोंड्याकडची गिटार वाजवणारी, भजनाला साउंड सांभाळणारी मुलं हेच आकडे समोरासमोर मांडून विचारतात, यातलं कुठलं घेऊ? माझ्या मते यातला एकही आकडा रिव्हर्बचा दर्जा सांगत नाही. दर्जा ठरतो तो आत फिरणाऱ्या काही विलंबांच्या लांबीवरून, आणि त्या लांब्या निवडण्यामागचं गणित आपण शाळेत लसावि काढताना केलेलं आहे.

आधी खऱ्या खोलीत काय होतं ते पाहू. टाळी वाजवली की आवाज पहिल्यांदा सरळ कानावर येतो. पाठोपाठ भिंती, छत आणि फरशीवरून परतलेले पडसाद येतात. सुरुवातीचे काही सुटे असतात. मग परतलेला आवाज पुन्हा परततो, तो पुन्हा परततो, आणि सेकंदाला हजारोंनी पडसाद येऊ लागले की कानाला ते वेगळे करता येत नाहीत. उरतो तो सलग, विरत जाणारा निनाद. तोच रिव्हर्ब. मिक्सरवर इकोचं बटण फिरवून तो मिळत नाही. तसं केलं तर अभंगाचा एकच शब्द तीनदा ऐकू येतो आणि टाळांचा खच होतो, इतकंच.

हा निनाद किती वेळ टिकतो, याचं गणित पहिल्यांदा मांडलं हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी. तिथल्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. सॅबाइन यांनी १८९५पासून रात्री-रात्री तिथे शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून ठेवल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून सूत्र निघालं: सभागृहाचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, त्याला ०.१६१ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे आवाज ६० डेसिबलने, म्हणजे ऊर्जा दहा लाखांश होईपर्यंत, उतरायला लागणारे सेकंद.

समजा आपल्याकडच्या एखाद्या देवळाचा सभामंडप २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच आहे. घनफळ १४४० घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांची बेरीज ८६४ चौरस मीटर. संगमरवर आणि गिलावा आवाज फार कमी शोषतात. सरासरी पाच टक्के धरू. शोषण आलं सुमारे ४३ आणि निनादकाळ ५.४ सेकंद. आता आत दोनशे माणसं बसवा. एकेक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटरइतकं शोषण देतो, म्हणजे ९०ची भर पडली. निनादकाळ उतरला १.७ सेकंदांवर. दुपारी रिकाम्या मंडपात साउंडचेक करून लावलेला रिव्हर्ब संध्याकाळी चुकीचा ठरतो तो यामुळेच. बाजूची दारं उघडली तर आणखी फरक पडतो, कारण उघड्या दारातून गेलेला आवाज परत येत नाही. सॅबाइन यांनी तर शोषणाचं एककच उघड्या खिडकीवरून ठरवलं होतं.

याच ओघात एक गोष्ट सांगायलाच हवी. देवळाच्या घंटेचा नाद बरोबर सात सेकंद घुमतो आणि शरीरातली सात चक्रं जागी करतो, असा मजकूर मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. घंटा किती वेळ वाजत राहील ते तिचा धातू, आकार, जाडी आणि लोलक किती जोरात बसला यावर अवलंबून असतं. भोवतालचा निनाद किती टिकेल ते वरच्या सूत्राने ठरतं. जत्रेच्या गर्दीत तीच घंटा वेगळी ऐकू येते आणि पहाटेच्या रिकाम्या देवळात वेगळी. सात हा आकडा या गणितातून कुठेही निघत नाही. भाविकाने श्रद्धेने घंटा वाजवावी. तिला खोट्या विज्ञानाचा आधार लागत नाही.

स्टुडिओत रिव्हर्ब पहिल्यांदा आला तो खऱ्या खोल्यांतूनच. शिकागोत बिल पटनम यांनी १९४७ साली एका ध्वनिमुद्रणासाठी स्वच्छतागृहात स्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून निनाद मिळवला. पुढे १९५७मध्ये जर्मनीतून ईएमटी १४० हे निनाद देणारं यंत्र आलं. ताणून टांगलेला अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा, दोन मीटर बाय एक मीटर, आणि सगळ्या सांगाड्याचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात. गिटारवाल्यांना मिळाल्या स्प्रिंगा, आधी हॅमंड ऑर्गनमधून आणि मग फेंडरच्या अँप्लिफायरमधून. आजच्या बहुतेक रिव्हर्ब पेडलवर 'प्लेट' आणि 'स्प्रिंग' असतात ते याच वस्तूंच्या नकला म्हणून.

आता माझा आवडता भाग. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेतल्या मानफ्रेड श्रोडर यांनी विचारलं, भिंती आणि पत्रा नसतानाही, नुसत्या आकडेमोडीने निनाद तयार होईल का? त्यांची युक्ती अशी. आवाज घ्यायचा, तो ३० मिलिसेकंद थांबवायचा, थोडा कमी करून पुन्हा सुरुवातीला जोडायचा. तो फिरत राहतो आणि दर फेरीला उतरत जातो. दोन सेकंदांचा निनाद हवा असेल तर ३० मिलिसेकंदांच्या अशा सुमारे ६७ फेऱ्या होतात, आणि ६० डेसिबल उतरायचं म्हणजे ध्वनिदाब हजारांश व्हायचा (त्याचा वर्ग, म्हणजे ऊर्जा, दहा लाखांश). म्हणून प्रत्येक फेरीला आवाज ०.९० पट करायचा. चक्र ४५ मिलिसेकंदांचं असेल तर फेऱ्या कमी, तेव्हा दर फेरीला ०.८६ पट. हे दोन आकडे नीट जुळवले नाहीत तर एक चक्र आधी विरतं, दुसरं एकटंच रेंगाळतं, आणि शेवटी ऐकू येतो तो टिनाच्या डब्यातला आवाज.

एकाच चक्रात अडचण आहे. ३० मिलिसेकंदांचं चक्र ३३.३ हर्ट्झच्या पटीतल्या सुरांना उचलून धरतं आणि बाकीच्यांना दाबतं. म्हणून श्रोडर यांनी ३० ते ४५ मिलिसेकंदांमधली चार चक्रं शेजारी-शेजारी ठेवली. इथे लसावि येतो. दादऱ्याच्या ६ मात्रा आणि एकतालाच्या १२ एकदम सुरू केल्या तर दर १२ मात्रांनी समा जुळतात. रूपकाच्या ७ आणि त्रितालाच्या १६ सुरू केल्या तर जुळायला ११२ मात्रा जाव्या लागतात. रिव्हर्बला हेच हवं असतं: समा शक्य तितक्या उशिरा जुळाव्यात.

डिजिटल यंत्रात आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर ३० मिलिसेकंद म्हणजे १४४० नमुने आणि ४५ मिलिसेकंद म्हणजे २१६०. यांचा लसावि ४३२०, म्हणजे फक्त ९० मिलिसेकंद. दर ९० मिलिसेकंदांनी दोन्ही चक्रांचे पडसाद एकमेकांवर बसणार आणि कानाला फडफड जाणवणार. आता १४४०चे १४३९ करा आणि २१६०चे २१६१. दोन्ही मूळ संख्या. लसावि होतो ३१,०९,६७९ नमुने, जवळपास ६५ सेकंद. प्रत्येक चक्रात फक्त एका नमुन्याचा, सेकंदाच्या ४८,०००व्या भागाचा बदल, आणि समा ९० मिलिसेकंदांवरून मिनिटाच्या पलीकडे गेली. तोवर आवाज कधीच विरलेला असतो. मूळ संख्याच हव्यात असं नाही, सामाईक विभाजक लहान राहिला की पुरे. पण ही निवड कानाने वर्षानुवर्षं करत बसावी लागते, आणि महागड्या पेटीत आपण पैसे मोजतो ते मुख्यतः या निवडीचे.

चार चक्रांतून सेकंदाला शंभर-सव्वाशे पडसादच निघतात. श्रोडर यांना हवे होते सुमारे हजार. म्हणून पुढे आणखी दोन टप्पे जोडले. ते सगळ्या सुरांना सारखंच जाऊ देतात, पण वेळेत विखरून टाकतात. पुढच्या संशोधकांनी चक्रं एकमेकांत गुंफली. प्रत्येक चक्राचा शेवट सगळ्या चक्रांच्या सुरुवातीला, ठरलेल्या प्रमाणात. चार चक्रं असतील तर चार बाय चारचा तक्ता, प्रत्येक घरात अर्धा, चिन्ह कुठे अधिक कुठे उणे. एका ओळीतल्या चारही अर्ध्यांच्या वर्गांची बेरीज एक येते आणि कुठल्याही दोन ओळींचा गुणाकार शून्य. त्यामुळे तक्त्यातून जाताना ऊर्जा वाढतही नाही, घटतही नाही. उतार द्यायचा तो चक्रातल्या आकड्यांनी. एका पडसादाचे चार, चाराचे सोळा. पडसादांची गर्दी खऱ्या सभागृहासारखी आपोआप वाढत जाते.

आणखी दोन गोष्टी मिसळल्या की आजचं पेडल तयार होतं. खऱ्या खोलीत तार सुर आधी विरतात, कारण पडदे, कपडे आणि स्वतः हवा त्यांना अधिक शोषते. (कोरड्या हवेत हे शोषण जास्त असतं, आपल्या दमट हवेत टाळांची किणकिण थोडी अधिक टिकते.) म्हणून प्रत्येक चक्रात तार सुर कापणारी चाळणी बसवतात. दुसरी गोष्ट म्हणजे विलंबांची लांबी अगदी हळू, अनियमितपणे कमीजास्त करत राहणं. धातूसारखी झणझण त्याने मोडते. १९७८च्या लेक्सिकॉन २२४ या डिजिटल रिव्हर्ब यंत्रात डेव्हिड ग्रीसिंगर यांनी हे फार सुंदर साधलं, आणि आजच्या बऱ्याच महागड्या पेडलना तोच आवाज हवा असतो. चेस ब्लिस आणि मेरिस या कंपन्यांनी मिळून केलेल्या पेडलचं नावच सीएक्सएम १९७८ आहे.

पण या हलत्या विलंबाला किंमत आहे. विलंब बदलला की सूरही किंचित सरकतो. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारवर ते गोड लागतं. तानपुरा आणि हार्मोनियमवर मात्र धरून ठेवलेला षड्ज डुलायला लागतो, आणि सुराला पक्क्या गायकाला ते लगेच खटकतं. शास्त्रीय गायन किंवा नाट्यगीतासाठी पेडल घेणाऱ्याने 'मॉड' (मॉड्युलेशन, म्हणजे हा हलता विलंब) लिहिलेलं बटण अगदी खाली आणून निनाद तरीही गुळगुळीत राहतो का, एवढंच तपासावं. पडसाद मुळातच दाट असलेली पेटी इथे टिकते. ज्या पेटीने उणीव डुलवून झाकलेली असते, तिची झणझण बाहेर येते.

दुसरा रस्ता आकडेमोडीचाच, पण वेगळा. एखाद्या खऱ्या सभागृहात चाचणीचा ध्वनी वाजवून त्याचा पूर्ण प्रतिसाद नोंदवायचा आणि गाण्याचा प्रत्येक नमुना त्यातून काढायचा. तीन सेकंदांचा प्रतिसाद म्हणजे १,४४,००० नमुने. सरळ गुणाकार केले तर सेकंदाला जवळपास सात अब्ज. सोनीने १९९९मध्ये याचं यंत्र काढलं तेव्हा ते मोठ्या स्टुडिओंपुरतंच होतं. आज बिगस्काय एमएक्समध्ये ही सोय पायाखाली आली आहे. जुने गोव्याच्या से कॅथेड्रलसारख्या उंच कमानींच्या जागेचा प्रतिसाद कुणी परवानगीने नोंदवला तर तो पेडलमध्ये भरता येईल, ही कल्पनाच मला रोमांचित करते. मात्र हे त्या जागेचं एका बिंदूवरून घेतलेलं चित्र असतं. निनाद ओढून लांब करायला गेलं की ते विटतं.

मग घ्यायचं काय? ध्वनिमुद्रण करणाऱ्याने, पैसे असतील तर, रॅकमध्ये बसवायच्या ब्रिकास्टी एम७ या रिव्हर्ब यंत्राचा विचार करावा. सुरुवातीचे सुटे पडसाद आणि मागचा निनाद त्यात वेगवेगळे सांभाळता येतात, आणि आवाज गायकाच्या पुढे न येता मागे उभा राहतो. गिटारवर ढगासारखा विस्तार हवा असेल तर स्पेस किंवा मेरिसचं मर्क्युरी७ मला बिगस्कायपेक्षा जवळचं वाटतं. बिगस्काय सगळं नीट करतं, पण त्याचा स्वतःचा बाज कमी आहे. सोर्स ऑडिओचं व्हेंट्रिस एका वेळी दोन रिव्हर्ब चालवतं. गायक आणि वादक यांना वेगळी खोली देणाऱ्याला ते उपयोगी. संगणक वापरणाऱ्याने आधी फ्रीव्हर्ब हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावून पाहावा. त्यात प्रत्येक बाजूला आठ चक्रं आणि चार विखुरणारे टप्पे, म्हणजे श्रोडर यांचंच घराणं. त्याच्यात आणि महागड्या पेटीत फरक ऐकू येत नसेल तर पैसे वाचवावेत.

ऐकण्याची पद्धतही ठरलेली असावी. हेडफोन लावा, निनाद चार-पाच सेकंदांवर न्या आणि टाळाचा एकच ठोका द्या. शेपटीत फडफड किंवा घंटेसारखा एखादा सूर राहतो का ते ऐका. मग हार्मोनियमचा एक स्वर धरून ठेवा आणि तो डुलतो का ते पाहा. घुमट या आपल्या मातीच्या वाद्यावरही करून बघावं. त्याचा खर्ज मुळातच घुमतो, म्हणून रिव्हर्बकडे जाणारा खर्ज कापला नाही तर सगळा ताल चिखल होतो.

सभागृह आधीच घुमत असेल तर सर्वांत महागड्या पेटीनेही काही सुधारत नाही, बिघडतं मात्र नक्की. खरी गरज असते ती उघड्यावर. देवळासमोरच्या पटांगणात जत्रेचं नाटक चालू असतं तेव्हा आवाज परत पाठवायला भोवती फारसं काही नसतं, आणि पद कोरडं पडतं. तिथे सव्वा-दीड सेकंदाचा निनाद, त्याआधी ३० मिलिसेकंदांची उसंत, म्हणजे प्री-डिले (आवाज तेवढ्या वेळात दहा मीटर जातो, म्हणून शब्द स्वच्छ राहतो) आणि कापलेला खर्ज, एवढं पुरतं. वीजपुरवठा मात्र स्वतंत्र द्यावा. बिगस्कायसारख्या पेडलला ९ व्होल्टवर निदान ३०० मिलिअँपिअर लागतात. एका साध्या अडॅप्टरवर चार पेडल गुंफले आणि मागे जनरेटर असला, तर निनादाआधी गुणगुणच स्पीकरमधून बाहेर येते.