समुद्रात चुना कालवणाऱ्या कंपन्या

‘समुद्राला झाली ॲसिडिटी, शास्त्रज्ञांना सापडले औषध’ अशा मथळ्याचा एक संदेश गेल्या महिन्यात रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या गटावर आला आणि दिवसभर पुढे पुढे जात राहिला. मथळा अर्धा चुकीचा आहे. समुद्राचे पाणी आम्लधर्मी झालेले नाही. त्याचा सामू (पीएच) सुमारे ८.१ आहे, म्हणजे ७ या उदासीन पातळीच्या वर, आणि ते आजही अल्कधर्मीच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हा सामू ८.२ च्या आसपास होता. फरक किरकोळ वाटतो, परंतु सामूची मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे त्याचा अर्थ असा, की पाण्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण पाव हिश्शाहून अधिक वाढले. मथळ्याचा दुसरा अर्धा भाग मात्र खरा आहे. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात प्लॅनेटरी टेक्नॉलॉजीज ही स्टार्टअप कंपनी, एका वीजकेंद्रातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिसळते. औषधाच्या दुकानात पित्तावर मिळणाऱ्या पांढऱ्या पातळ औषधात असतो, तोच हा पदार्थ.

हा खटाटोप समुद्राचे पित्त शमवण्यासाठी आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. कंपनीचा हेतू वेगळा आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात २८० भागांवरून आता ४२० च्या पुढे गेले आहे आणि आपण सोडलेल्या या वायूपैकी सुमारे एक चतुर्थांश समुद्र मुकाट्याने शोषून घेतो. त्याने आणखी थोडा घ्यावा, आणि घेतलेला परत सोडू नये, यासाठी ही सारी धडपड आहे.

त्यामागचे रसायन घरी पाहता येते. पानपट्टीवरून आणलेला चमचाभर चुना तांब्याभर पाण्यात कालवून रात्रभर ठेवावा आणि वरची नितळ निवळी अलगद ओतून घ्यावी. निवळीत तिच्या दहापट पाणी घालून स्ट्रॉने हळूच फुंकर मारली, की ती दुधाळ होते. (ओढायची नाही, फक्त फुंकायची, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये.) इथपर्यंतचा प्रयोग शाळेत सर्वांनीच केलेला असतो आणि तिथेच तास संपलेला असतो. माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. त्या दुधाळ पाण्यात बाटलीतला साधा सोडा (सोडावॉटर, खाण्याचा सोडा नव्हे) थोडा थोडा ओतत ढवळत राहिले, तर दूध पुन्हा पाणी होते. पहिल्या टप्प्यात चुन्याने कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पकडून चुनखडीची भुकटी बनवली. दुसऱ्या टप्प्यात त्या भुकटीने आणखी एक रेणू पकडला आणि ती कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन विरघळली. चुन्याच्या एका रेणूमागे वायूचे दोन रेणू पाण्यात अडकले, तेही वायू न राहता. उघड्या सोड्यातून जसे बुडबुडे निघून जातात, तसे बायकार्बोनेट निघून जात नाही.

हे का घडते, ते विद्युतभारांच्या हिशेबाने अधिक नेमके समजते. समुद्राच्या पाण्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हे धन आयन असतात आणि क्लोराइड, सल्फेट हे ऋण आयन असतात. दोन्हींची बेरीज केली, तर धनभार थोडा जास्त भरतो. लिटरमागे सुमारे २.३ मिलीसममूल्य (आयनांचा भार मोजण्याचे एकक) इतका. परंतु पाणी एकूण उदासीनच असले पाहिजे. ही तूट भरून काढण्याचे काम मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट हे आयन करतात. अल्कता म्हणतात ती या तुटीलाच. आता पाण्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घातले, की मॅग्नेशियमचा धनभार कायमचा वाढतो. सोबत आलेला हायड्रॉक्साइड पाण्यातील कार्बन डायऑक्साइडशी जुळून बायकार्बोनेट बनतो, कार्बोनेटचा हिस्साही थोडा वाढतो, पाण्यातील मोकळ्या वायूचा दाब हवेतील दाबापेक्षा कमी होतो आणि तो भरून येण्यासाठी हवेतून वायू खाली उतरतो. थोडा भार कार्बोनेट उचलत असल्यामुळे एका मॅग्नेशियममागे दोन रेणू पुरते मिळत नाहीत. दीड ते पावणेदोनच्या दरम्यान मिळतात. वाचक इथे थोडा दमला असेल, तर त्याने एवढेच ध्यानात ठेवावे की समुद्रात किती कार्बन मावेल हे त्यात किती धातू विरघळले आहेत यावर ठरते.

हे काम निसर्ग आपल्या दाराशी करीत आला आहे. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा तांबडा जांभा म्हणजे एकेकाळचा काळा बेसाल्टच होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हातून, हवेतील कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या पावसाच्या पाण्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम धुऊन नेले. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, म्हणून दगड तांबडा आणि सच्छिद्र झाला. धुतलेला माल बायकार्बोनेटच्या सोबतीने कासारीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि तेथून बंगालच्या उपसागरात गेला. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर याच प्रवासातला थोडा माल आहे. पाणी तापल्यावर त्यातील बायकार्बोनेट मोडून चुनखडी खाली बसते आणि वायू निसटतो.

लाखो वर्षांच्या या कामाला घाई लावणे, हाच या स्टार्टअप कंपन्यांचा धंदा आहे. माटी कार्बन ही कंपनी बेसाल्टची भुकटी भारतातील भातशेतीत पसरते. तिला एप्रिल २०२५ मध्ये एक्सप्राइझ या कार्बन काढण्याच्या जागतिक स्पर्धेचे ५ कोटी डॉलरचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. काम जमिनीवरचे असले, तरी कार्बनचा शेवटचा मुक्काम समुद्रच. अमेरिकेतील व्हेस्टा ऑलिव्हिन या मॅग्नेशियमयुक्त खनिजाची वाळू किनाऱ्यालगत टाकते. एब कार्बन ही कंपनी दगडाच्या वाटेला जातच नाही. ती विजेच्या आणि विशिष्ट पटलांच्या साहाय्याने खाऱ्या पाण्यातील मिठाचे आम्ल आणि अल्क असे दोन भाग करते, अल्क समुद्राला परत देते आणि आम्ल बाजूला काढते. त्या आम्लाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न तितकाच मोठा आहे. कॅप्च्युरा उलट वाटेने जाते: पाण्यात आधी आम्ल घालून कार्बन डायऑक्साइड वायुरूपात बाहेर काढते, मग अल्काने ते पाणी पूर्ववत करून सोडते, म्हणजे ते हवेतून पुन्हा तेवढाच वायू ओढते.

प्रमाण सांभाळणे हा यातला नाजूक भाग आहे. गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसात चुन्याची निवळी घालणारा गुळव्या हे जाणतो. निवळी कमी पडली तर गूळ नीट बसत नाही, जास्त झाली तर काळा पडतो. समुद्रात एकाच जागी अल्क जास्त पडले, तर चुनखडी पाण्यातच साकळते आणि प्रयोगाची गाडी उलटी फिरते: बायकार्बोनेटचे दोन आयन मोडतात, एक चुनखडीत जातो आणि दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. शिंपले आणि प्रवाळ कवच बनवतात तेव्हाही नेमके हेच घडते. त्यामुळे ‘शिंपले वाढवा, कार्बन साठवा’ असे कोणी सांगू लागले, तर त्याला हे समीकरण लिहायला सांगावे.

जीवशास्त्राच्या वाटेने गेलेल्यांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. २००९ साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण महासागरात लोहाफेक्स प्रयोगातून लोहक्षार सोडले, म्हणजे शैवाल वाढेल आणि कार्बन घेऊन तळाशी जाईल. शैवाल वाढले, पण लहान प्राणीप्लवकांनी ते चरून टाकले आणि तळाकडे फारच थोडा कार्बन गेला. लाकडाचे तुकडे समुद्रात बुडवणारी अमेरिकेतील रनिंग टाइड ही कंपनी २०२४ मध्ये बंद पडली. बंगळूरूची सी-सिक्स एनर्जी समुद्रशैवालाची यांत्रिक शेती करते, परंतु तिचा भर शैवालापासून शेतीला उपयोगी द्रव्ये बनवण्यावर आहे आणि मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

माझी खरी शंका रसायनाबद्दल नाही, पावतीबद्दल आहे. या कंपन्या जे विकतात ते कार्बन क्रेडिट, म्हणजे ‘एक टन वायू हवेतून काढला’ असा दाखला. अल्क किती ओतले ते वजन करून सांगता येते. वायू मात्र पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत, प्रवाहाबरोबर दूर गेलेल्या पाण्यात उतरतो, आणि त्याआधी ते पाणी खोल बुडाले तर संधी हुकते. समुद्राच्या एका लिटरमध्ये आधीच सुमारे २ मिलीमोल विरघळलेला कार्बन असतो. त्यात पडलेली किंचितशी भर उपकरणाला सहज दिसत नाही. म्हणून दाखल्यावरचा आकडा मोजलेला नसतो, संगणकावरील प्रतिरूपातून काढलेला असतो. प्लॅनेटरीला २०२५ मध्ये या पद्धतीचे पहिले पडताळलेले क्रेडिट मिळाले, ते सुमारे सव्वासहाशे टनांचे. दिवसाला पाच हजार टन गाळणारा आपल्याकडचा साखर कारखाना तेवढा ऊस तीन तासांत संपवतो. खनिज इंधनांतून जगभर दरवर्षी सोडला जाणारा कार्बन डायऑक्साइड मात्र ३,७०० कोटी टनांच्या घरात आहे.

ओघात आणखी एक. ज्या गटावर तो संदेश फिरला, त्याच गटावर दुसऱ्या दिवशी अल्कलाइन पाण्याच्या यंत्राची जाहिरात आली. शरीराची आम्लता घालवून सर्व रोग बरे करण्याचे वचन आणि किंमत लाखाच्या वर. जठरातील आम्लाचा सामू १ ते ३ असतो आणि रक्ताचा सामू फुप्फुसे आणि मूत्रपिंडे ७.४ च्या आसपास राखतात, तेही याच बायकार्बोनेटच्या जोरावर आणि फुकट. समुद्राच्या रसायनाचा आधार घेऊन ही यंत्रे विकणाऱ्याने निदान आपल्याच शरीराला चुना लावू नये.

प्रयोगाचा ग्लास मी खिडकीत तसाच ठेवला होता. सकाळी पाण्यावर पातळ पांढरी साय आणि काचेवर एक रेघ दिसली: वायूचा काही भाग हवेत परत गेला होता आणि चुनखडी पुन्हा बाहेर आली होती. समुद्रात असे सहजासहजी होत नाही. त्याच्या पृष्ठभागाचे पाणी चुनखडीने अतिसंपृक्त असूनही ती आपोआप खाली बसत नाही, कारण पाण्यातील मुबलक मॅग्नेशियम तिचे स्फटिक वाढू देत नाही. किती अल्क घातल्यावर हा अटकाव मोडतो, हेच सध्या प्रयोगशाळांमधून टाक्यांत समुद्राचे पाणी भरून तपासले जात आहे.