मनगट फिरतच नाही

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तीन वर्षांच्या भाच्याने फुगेवाल्यासमोर फतकल मारली, गर्दीत कोणाच्या पायाखाली येईल म्हणून मी त्याला एका हाताला धरून खसकन वर ओढलं. झालं! रडारड, आणि हात नुसता लोंबकळतोय. सुकी मासळी विकणारी बाई म्हणाली खांदा उतरला, घरी आजीने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर, आणि आला असता तर म्हणे दृष्ट निघाली, म्हणजे मिरची काही हरत नाही! शेवटी डॉक्टरने कोपर धरून तळहात फिरवला, कट्ट, आणि थोड्या वेळात पोर त्याच हाताने बिस्किट खातंय.

खांदा जागेवरच होता, घोळ कोपरात होता.

हासळी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, आणि खांद्याचं पातं धरून एका हातात 32 हाडं असतात, ती पाठ करायची गरज नाही. मला वेड लावतात ती कोपर ते मनगट जाणारी दोन, करंगळीकडची अल्ना आणि अंगठ्याकडचं रेडियस. आदोळीवर नारळ खवताना आपण म्हणतो मनगट फिरवतोय. मनगटाच्या जरा वर दुसऱ्या हाताने घट्ट आवळून धरा आणि आता फिरवा बघू तळहात. जवळजवळ नाहीच ना? म्हणजे फिरतं ते मनगट नव्हे, फिरणं या दोन हाडांत आहे.

अल्ना कोपरात बिजागरीसारखी बसलेली, ती वाकते आणि उघडते, बस. रेडियसचं वरचं टोक मात्र ताटलीसारखं गोल, अल्नाच्या खाचेला टेकलेलं आणि लिगामेंटच्या, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्टीच्या, एका कड्यात अडकवलेलं, त्या कड्यात ते जागच्या जागी फिरतं आणि त्याच वेळी खालचं टोक अल्नाला अर्धी प्रदक्षिणा घालतं, तळहाताला सोबत घेऊन. तळहात वर असला की दोन्ही हाडं शेजारी शेजारी, पालथा केला की एकावर एक फुली. रेडियसला थोडा बाक आहे म्हणून हे जमतं, सरळसोट असतं तर मध्येच अल्नावर अडलं असतं. आता बेटकुळी. तिचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, रेडियसच्या उंचवट्याला चिकटतो, तळहात पालथा केला की तो हाडाभोवती गुंडाळला जातो आणि बेटकुळी आवळली की भोवऱ्याची जाळी ओढावी तसं हाड उलट फिरतं. म्हणून उजव्या हाताने स्क्रू पिळताना जोर मिळतो, काढताना तेवढा नाही.

लहान पोरांत हे कडं पातळ असतं, हात ओढला की रेडियसचं डोकं त्यातून जरासं निसटतं आणि कडं सांध्यात चिमटतं. तळहात फिरवला की ते परत जागेवर. साधारण पाचव्या वर्षापर्यंत कडं मजबूत होतं. पण हा प्रयोग घरी नको, पोर पडलं असेल तर हाड मोडलेलंही असू शकतं.

भाचा आता मला दोन्ही हात वर करून दाखवतो, धरायला मात्र एकही देत नाही.