गाडी इंजेक्शनची, कानमंत्र कार्बोरेटरचे

कन्नड सोडून चाळीसगावच्या बाजूला औट्रम घाट उतरायला लागला, की पुष्कळ चालकांचा डावा हात आपसूक गियरच्या दांडीवर जातो आणि गाडी न्यूट्रल होते. उतार आहे, गाडी आपोआप पळतेय, मग पेट्रोल कशाला जाळायचं? येडशीच्या घाटात तेच, मांजरसुंब्याच्या घाटातही तेच. हा कानमंत्र कुणा मामाने नाहीतर जुन्या उस्तादाने दिलेला असतो, आणि ज्या गाडीवर तो स्वतः शिकला त्या गाडीपुरता तो खोटाही नव्हता. पुढे गाडी बदलली, मंत्र तसाच राहिला.

कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिनच्या ओढीनेच पेट्रोल आत घेणाऱ्या जुन्या गाडीत अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन फिरतं तोवर पेट्रोल ओढलं जायचं. उतारावर गियरमध्ये इंजिन जास्त फेऱ्यांनी फिरणार, म्हणजे जास्त ओढणार. न्यूट्रल केलं की फेरे कमी, पेट्रोलही कमी. हिशोब बरोबर होता. इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत तो नेमका उलटा होतो. गाडी गियरमध्ये आहे, पाय अॅक्सिलरेटरवर नाही आणि फेरे मिनिटाला साधारण दीड हजाराच्या वर आहेत, एवढं दिसलं की इंजिनचा संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात, त्यामुळे इंधन शून्य. न्यूट्रल केलं, की चाकांचा आणि इंजिनचा संबंध तुटतो आणि इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी तासाला अर्धा ते एक लिटर इंधन पिऊ लागतं. म्हणजे दहा मिनिटांच्या उतारात शंभरेक मिली पेट्रोल वाचवायला जावं, तर तेवढंच जास्त जळतं.

पेट्रोलचं सोडून द्या, खरा घोळ ब्रेकचा आहे. चार माणसं आणि सामान धरून गाडी तेराशे किलोची, आणि घाटात ती दोनशे मीटर खाली उतरली असं समजू. उंचीमुळे तिच्यात साठलेली ऊर्जा येते सुमारे पंचवीस लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत आठ लिटर गार पाणी उकळतं. न्यूट्रलमध्ये थोडी हवा खाते, बाकी जवळपास सगळी उष्णता ब्रेकच्या डिस्क, ड्रम आणि पॅड यांना गिळावी लागते, आणि पुढच्या ब्रेकच्या वाट्याला त्यातला मोठा भाग येतो. डिस्क तीनशे अंशांच्या पुढे जाऊ शकते. तिथून उष्णता पॅडमधून मागे सरकते आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डबीचं झाकण घट्ट असलं तरी रबरी नळ्यांमधून ओल आत मुरत राहते. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तेच १४० अंशांवर उकळू शकतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला तर दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र फुग्यासारखी दबते. पेडल गादीवर पाय ठेवल्यासारखं आत जातं आणि गाडी थांबत नाही. आपल्याकडे याला ‘अचानक ब्रेक फेल झाला’ म्हणतात. अचानक काहीच नसतं, ऑइल तीन-चार वर्षांचं झालेलं असतं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, गाडी कितीही कमी फिरलेली असो. मराठवाडा कोरडा म्हणून डबीतलं ऑइल कोरडं राहत नाही. पावसाळ्याचे चार महिने त्याला पुरतात.

घाट सुरू होण्याआधीच गियर उतरवा. जुना ठोकताळा इथे अजून चालतो: जो घाट ज्या गियरमध्ये चढाल, त्याच गियरमध्ये उतरा. बहुतेक छोट्या गाड्यांना तिसरा, कडक वळणांना दुसरा. फेरे तीन हजारांपर्यंत गेले आणि इंजिन ओरडायला लागलं तर दचकू नका. त्या ओरडण्यातच गाडीची ऊर्जा खर्च होतेय. ऑटोमॅटिकमध्ये दांडी ‘डी’वर ठेवून उतरू नका, ‘एल’, ‘२’ किंवा हाताने गियर बदलायची सोय वापरा. विजेच्या गाडीत मोटरच ब्रेकचं काम करते आणि बॅटरी भरते, पण घाटमाथ्यावरच बॅटरी शंभर टक्के भरून निघालात तर ती वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार पुन्हा ब्रेकवर येतो. ब्रेक सतत धरावा की थोडा थोडा मारावा, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद होतो. वेग तोच ठेवला तर उष्णता दोन्हीकडे जवळपास सारखीच. फरक पडतो तो गियरने.

जळका वास आला तर सपाट जागा बघून थांबा आणि अर्धा तास जाऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, लाल तव्यावर पाणी टाकल्यावर तवा वाकतो तशी तीही वाकते. गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गियरमध्ये उभी करा, चाकाला दगड लावा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला तर ब्रेक गार होताना आकसतो आणि पकड सैल पडू शकते. चालत्या गाडीत पेडल मऊ पडलं, तर ते भराभर चार-पाच वेळा मारा, थोडा दाब परत मिळतो. एकेक गियर खाली आणा. हँडब्रेकचं बटण दाबून ठेवूनच तो हळूहळू ओढा. झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होते.

किल्ली मात्र बंद करू नका. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारेही आहेत, म्हणून हे वेगळं सांगावं लागतं. ब्रेकचं पेडल हलकं वाटतं ते तुमच्या पायाच्या ताकदीने नाही. पेडलमागचा गोल पत्र्याचा बूस्टर इंजिनच्या निर्वात ओढीवर काम करतो. इंजिन बंद झालं की साठलेल्या ओढीवर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं, आणि किल्ली काढलीच तर ते कुलूप पडून एका जागी अडकतं. बूस्टर ठीक आहे का, हे दारात उभ्या गाडीत कळतं. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. आता पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पायाखाली पेडल किंचित खाली बसायला हवं. बसलं नाही, तर बूस्टर किंवा त्याची नळी मिस्त्रीला दाखवा.

‘ब्रेक एकदम दाबू नको, पंप कर’ हा दुसरा मंत्र. चाक जाम झालं की गाडी घसरते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही, म्हणून जुने चालक पेडल दाबायचे-सोडायचे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, आणि ते हेच दाबणं-सोडणं सेकंदाला दहाएक वेळा, जे चाक जाम होतंय त्याच्यापुरतं करतं. आणीबाणीत पेडल पूर्ण ताकदीने दाबायचं, क्लचही दाबायचा आणि पाय तिथेच ठेवायचा. पेडल थरथरतं, खडखड आवाज येतो. नेमका तेव्हा काहीतरी तुटलं असं वाटून लोक पाय उचलतात. पहिल्या पावसानंतर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या टायरांनी डांबरावर काळ्या मातीचा राडा आणलेला असतो, तिथे एबीएसचा हा आवाज हमखास ऐकू येतो. सुट्या खडीवर मात्र एबीएस असूनही गाडी थोडी पुढे जाऊन थांबते. तिथे वेगच कमी हवा. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला तर ब्रेक लागेल, पण जुन्या गाडीसारखा. मग मामाचा मंत्र पुन्हा खरा.

दिव्यांबद्दल लोक फक्त अप्पर-डिपर बोलतात. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला डॅशबोर्डवर ०, १, २, ३ असे आकडे असलेलं एक छोटं चाक पुष्कळ गाड्यांत असतं, ते गाडी घेतल्यापासून कुणी फिरवलेलं नसतं. ते कशाला आहे? डिपरचा, म्हणजे खाली वळवलेल्या दिव्याचा झोत दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर खाली उतरेल असा बसवलेला असतो. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर झोत ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. आता गावाकडून ज्वारीची दोन पोती डिकीत टाकली, मागे तिघं बसले, गाडीचा मागचा भाग पाच सेंटिमीटर दबला. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अडीच मीटर, म्हणजे गाडीचं नाक मीटरला दोन सेंटिमीटर वर झालं. एक सेंटिमीटर खाली उतरणारा झोत आता एक सेंटिमीटर वर चढतो. पन्नास मीटरवर तो ११५ सेंटिमीटर उंचीवर पोचतो, आणि समोरून येणाऱ्या छोट्या गाडीतल्या चालकाचे डोळे साधारण तिथेच असतात. तुम्ही डिपरवर आहात आणि समोरचा चिडून अप्पर मारतोय, त्याचं कारण हे. एकटा चालक असेल तर ०, गाडी आणि डिकी भरली असेल तर २ किंवा ३. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो.

अप्पर कधी लावायचा याचा हिशोब वेगावर आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा. त्या वेगाला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. काहीतरी दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद गेला, पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला ऐंशी मीटर लागले, म्हणजे एकूण ११० च्या वर. डिपर दाखवतो पन्नास-साठ मीटर. त्यामुळे रात्री डिपरवर १२० ने जाणं म्हणजे अर्धा रस्ता अंधारावर विश्वास ठेवून जाणं. समोर कुणी नसेल तेव्हा अप्पर, नाहीतर वेग कमी. लातूर-बीडकडच्या साध्या रस्त्यांवर तोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर मागून दिसतच नाही. दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर वाढ्याखाली झाकलेला. तिथे साठचा वेगही जास्त होतो. आणि पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तो ‘जा’ म्हणून की तो स्वतः वळणार म्हणून, हे त्यालाच माहीत. त्याला परवानगी समजू नका.

चारी इंडिकेटर एकदम लुकलुकणाऱ्या लाल त्रिकोणी बटणाला आपल्याकडे पार्किंग लाइट म्हणतात, आणि नाव बरोबरच आहे: ते उभ्या गाडीसाठी आहे. चौकात ‘मी सरळ जाणार’ म्हणून ते लावणारे बरेच. डाव्या रस्त्यावरून येणाऱ्याला तुमच्या गाडीची फक्त डावी बाजू दिसते, म्हणजे एकच लुकलुकता दिवा. त्याला वाटतं तुम्ही डावीकडे वळताय. सरळ जायला कुठलाच इंडिकेटर लागत नाही. पावसात चालत्या गाडीत लावले तर वळायचा इशारा द्यायला दिवाच उरत नाही. तिथे साधा डिपर लावा, मागचे लाल दिवे त्याच्याबरोबर लागतात.

हात घड्याळातल्या दहा आणि दोनवर, असं शिकवलं जायचं, कारण पॉवर नसलेलं स्टिअरिंग ओढायला तिथून जोर मिळायचा. आता स्टिअरिंगच्या मध्यभागी एअरबॅग आहे आणि ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते. आडवा ठेवलेला हात ती सरळ तोंडावर फेकते. नऊ आणि तीनवर धरा, छाती मधल्या भागापासून निदान २५ सेंटिमीटर लांब. डावीकडच्या डॅशबोर्डवर जिथे एअरबॅगची खूण आहे, तिथे चिकटवलेली देवाची मूर्ती काचेजवळच्या कोपऱ्यात नाही, घरातच ठेवा. एअरबॅग उघडताना ती शेजारच्याच्या चेहऱ्यावर येते. चालकाच्या पायापाशी पाण्याची बाटली तर नकोच, ब्रेक मारताना ती घरंगळत पेडलखाली जाते.

राहिली काच. पावसात समोरची काच धुरकट झाली की फडकं फिरवायची सवय एसी नसलेल्या गाडीची. आधी बोट लावून बघा ओल कुठल्या बाजूला आहे. आतून असेल, तर ती आपल्याच श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ आहे. एसी चालू करा, वारा काचेकडे वळवा आणि हवा बाहेरून घ्या, आतलीच फिरवू नका. एसीच्या गार जाळीवर ओल जमून तिचं पाणी होतं आणि नळीतून खाली गळतं. तापमान थोडं वाढवलं तर काच आणखी लवकर सुकते. ओल बाहेरून असेल, तर एसीने काच इतकी गार केलीय की बाहेरची दमट हवा तिच्यावर जमतेय. तेव्हा वायपर मारा आणि एसीचा वारा काचेवरून हटवा. पहिला उपाय इथे केला तर काच आणखी गार होते आणि दोन मिनिटांत पुढचं काहीच दिसत नाही.